अर्धा गोटोबा

"एक सांग व मले," भागरता आजी म्हणाली, "हा तुहा कोन लागते?"

मी दचकले. गेला अर्धा तास मी तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाखाली उकिडवी बसून एका शेंदूर फासलेल्या दगडाकडे बघत होते. बघत म्हणजे कशी, तर सून पसंत करायला आलेली सासू बघते तशी. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग जमिनीला गाल टेकवून खालून.

"लागत कोणी नाही, आजी. नुसती बघते आहे."

"तीन दिवस झाले, नुसतीच पाहून राह्यली. माह्या सुनेनं लगनाच्या आधी नवऱ्याले एवढं पाह्यलं असतं तं आज रडली नसती."

सून, म्हणजे पंचफुला, चार हातांवर कापूस वेचत होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "मी कुठी रडून राह्यली, आत्याबाई? मी तं हासून हासूनच दिवस काढून राह्यली."

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नागपूरला भूशास्त्रात संशोधन करणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी होते. वरोऱ्याच्या पलीकडे चिचघाट नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेची एक रिकामी खोली मला राहायला मिळाली होती. जेवणाची सोय भागरता आजीकडे. तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारं. शेत चार एकर, त्यातलं एक एकर पडीक, आणि मला रस होता तो नेमका त्या पडीक एकरात.

तिथे मातीत दगडाचे गोटे सापडत. लिंबाएवढे, बटाट्याएवढे, काहींवर पीळ पडलेला. गावातली पोरं ते गोफणीला वापरत. सगळ्यांत मोठा, नारळाएवढा, आजीच्या सासऱ्याच्या वखराला चाळीस वर्षांपूर्वी लागला. त्याच आठवड्यात घरची अडलेली गाय सुखरूप मोकळी झाली. मग काय विचारता, गोटा उचलून निंबाखाली बसवला गेला आणि त्याचा गोटोबा झाला. आंघोळ पहिल्यापासून आजीच घालायची; सासरे गेले, मालक गेले, आणि गोटोबा पुरता आजीचा झाला. दर सोमवारी त्याला आंघोळ, पोळ्याला तेल-शेंदूर, व्यालेल्या गाईचा खरवस आधी त्याला.

आणि मला पक्कं ठाऊक होतं, की गोटोबा म्हणजे शेण आहे.

चेष्टा नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात डायनोसोर हिंडत होते. खात होते, म्हणजे पुढचं सगळंही करत होते. त्यातलं काही चिखलात गाडलं गेलं आणि हळूहळू त्याचा दगड झाला. हाडांवर जीव टाकणारे संशोधक पुष्कळ, पण माझे गाइड दाणी सर शेणावर जीव टाकत. अख्ख्या विद्यापीठात त्यांची ओळख 'शेणवाले दाणी' अशी होती, आणि त्यांना ती मनापासून आवडायची. "बोधनकर," ते मला म्हणत, "हाड सांगतं कोण मेलं. शेण सांगतं तो जगला कसा."

सरांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. गवत आलं कुठून? पुस्तकं सांगत, की त्या अजस्र जनावरांच्या काळी गवत नव्हतंच. ती मेली, मग पुष्कळ काळाने गवत आलं. खडकांच्या थरांत बघावं तर खरंच तसं दिसायचं. खालच्या थरात गवताचं नाव नाही, आणि वरच्या थरात ते चांगलं भरलेलं, बहरलेलं, जणू दिवाळीला जावई आला. त्याच्या आधीचे, अर्धवट गवतासारखे, त्याचे आजे-पणजे कुठेच नाहीत. मधला दुवा गहाळ. "एकदम कोणी येत नसतं," सर चिडून म्हणत. "आले असतील, गेले असतील, आपल्याला दिसले नाहीत. ते कुठे सापडतील? ज्यांनी खाल्ले त्यांच्या पोटात!" गवताच्या पात्यात काचेसारखे बारीक कण असतात, त्यांनीच तर बोट कापतं. पातं कुजतं, पण ते कण कुजत नाहीत. ते शेणात राहतात.

तर मी तीन दिवसांत एकोणचाळीस गोटे गोळा केले होते, आणि एकही कामाचा नव्हता. सगळे भेगाळलेले, आणि भेगांमधून आजच्या हरळीची मुळं आत शिरलेली. त्यात गवताचे कण मिळाले असते तरी परीक्षक म्हणाले असते, बाई, हे गवत गेल्या पावसाळ्यातलं. मला पाहिजे होता अखंड गोटा. आणि केसाएवढीही भेग नसलेला, चाळीस वर्षं मातीबाहेर राहिलेला, तेल-शेंदराची पुटं अंगावर चढवून बसलेला असा एकच गोटा पंचक्रोशीत होता.

बरं, नुसता मागून भागणार नव्हतं. नागपूरला नेऊन तो करवतीने कापायचा होता. देव मागायचा, तोही कापायला. माझी नोंदणी मार्चमध्ये संपत होती, सर त्याच मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि आजीकडे विषय कसा काढावा हे मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं. म्हणून आपली बघत बसले होते.

दुपारी निंबाखालीच शिदोरी सुटली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. आजीच्या भाजीत लसूण नसे. पंचफुलाच्या ठेच्यात तो दोघींच्या वाट्याचा असे. तिने भाकर माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "बाई, आमच्या शाळेत मास्तर सांगत होते का माकडाचा मानूस झाला. खरं होय?"

"माकडाचा नाही झाला. माकडाचा आणि माणसाचा पूर्वज एक होता. त्याच्यापासून हळूहळू, थोडं थोडं बदलत…"

"म्हंजे मधात कोनीतरी असन. ना धड माकड, ना धड मानूस."

"असणारच. त्यांचे काही अवशेष सापडतात, काही सापडत नाहीत. जे सापडत नाहीत त्यांना शोधत लोक जन्मभर फिरतात."

"कायले फिरतात? आमच्या घरी या म्हना. सध्या बाजेवर झोपून हाये."

आजीने सुनेला हाताने दटावलं, पण हसूही आलंच तिला. शेवटी लेक तिचाच होता. माणसाचं मन मोकळं झालेलं दिसलं की शहाण्याने काम उरकून घ्यावं. मी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून बोलून टाकलं, की आजी, हा गोटोबा मला नागपूरला न्यायचा आहे. आमच्या सरांना दाखवायचा आहे. आतून बघायचा आहे.

"आतून?" आजीने विचारलं.

"हो."

"आतून म्हंजे फोडून?"

"कापून. फार बारीक करवत असते, आजी."

 आजी गळ्यातली तुळशीची माळ बोटांनी फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे पाह्य. पोरगी देतानी आपन घरदार इचारतो का नाही? तसं देव देतानी बी इचाराव लागते. तुले तीन दिवसापासून मालूम हाये का हा कोन होय, अन् तू सांगून नाही राह्यली. आधी सांग. मंग पाहू."

"आजी, नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"रुषीचं नको इचारू. हा माह्या घरचा हाये. सांग."

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं? समोर सत्तरीची बाई. चाळीस वर्षं त्या दगडाला आंघोळ घातलेली. तिला कोणत्या तोंडाने म्हणू, की आजी, ही विष्ठा आहे? मला तिचा अपमान करायचा नव्हता. शपथेवर सांगते, माझा हेतू चांगला होता. खोटं बोलणाऱ्या सगळ्यांचा असतो.

"अंडं आहे, आजी," मी म्हणाले. "फार मोठ्या, फार जुन्या प्राण्याचं अंडं. दगड झालेलं."

आणि वर स्वतःवर खूश झाले. अंडं म्हणजे कसं, गोल, शुभ, त्यातून नवा जीव जन्माला येतो. देवाच्या जागी बसवावं तर अंडंच बसवावं, असं मला वाटलं. आमच्या घरी दर रविवारी ऑम्लेट होत असे.

 आजीने हातातली भाकर फडक्यात परत बांधली आणि उठून घराकडे चालू लागली. पंचफुलाने तोंडाला पदर लावला. मी समजले, दोघी भारावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार वाजलं. दारात पंचफुला, डोक्यावर टोपलं. ते तिने माझ्या पायाशी दाणकन ठेवलं. आत गोटोबा होता, वर एक जुनं लुगडं टाकलेलं.

"घ्या तुमचं अंडं."

"आजी हो म्हणाल्या?"

"आजी काही म्हनायच्या लायक राह्यली नाही." पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "बाई, तुमी शिकल्या सवरल्या. तिच्या गळ्यात माळ पाह्यली नाही का तुमी? सत्तावीस वर्षं झाले तिले माळ घालून. लसन खात नाही. कोंबडी अंगनात आली तं हाकलून लावते. अन् तुमी तिले सांगता का तिनं चाळीस वर्षं अंड्याले आंघोळ घातली! दर सोमवारी त्याचं तीर्थ पेली!"

टोपल्यावरच्या लुगड्याला लावलेला हात मी मागे घेतला.

"कालपासून तीन डाव न्हाली. घास नाही तोंडात. माळ काढून तुळशीवर टांगली. म्हनते, मी बाटली. वरोऱ्याले महाराजाले इचाराले जातो म्हनते, प्राचित काय घ्याव. अन् हे," तिने टोपल्याकडे बोट केलं, "हे घरात नको, शेतात नको, नागपूरवालीले देऊन ये म्हनते."

एवढं बोलून ती गेली.

मी गोटोबासमोर बसले. खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं, पण दुसऱ्या नंबरला. ज्याच्यासाठी तीन दिवस गुडघे घासले, तो स्वतःच्या पायाने, म्हणजे पंचफुलाच्या डोक्यावरून, दारात आला होता. मी त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलं, माझ्या स्वेटरमध्ये बांधलं, पिशवीत घातलं. वरोऱ्याची एसटी साडेदहाला होती. आजीला नागपूरहून सविस्तर पत्र लिहू, असं मी ठरवलं. पत्र लिहायला मला नेहमीच छान जमायचं.

एसटी गावाच्या तोंडाशी थांबायची, आणि तिथे जायची वाट आजीच्या घरावरून होती. मी भराभरा चालत होते, नजर खाली. पण कुंपणापाशी आल्यावर वर बघितलंच.

आजी ओट्यावर बसली होती. ओले केस पाठीवर सोडलेले. समोर गाय हंबरत होती, आणि ती उठत नव्हती. उन्हातान्हात काम करून तिचा गळा रापून काळा झालेला, आणि जिथे सत्तावीस वर्षं माळ होती तिथे एक फिकट गोरी रेघ होती. ती रेघ मी बघितली आणि मला माझी भयंकर लाज वाटली. मी कुंपणाचं फाटक उघडलं. मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"आली का?" आजी म्हणाली. "काय झालं? पिल्लू निंगालं का त्याच्यातून?"

"आजी, मी खोटं बोलले."

"कायचं?"

"ते अंडं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून अंडं म्हणाले."

"मंग काय हाये?"

 पंचफुला चुलीपासून उठून दाराशी आली होती, तिच्या हातात फुंकणी होती. मी डोळे मिटून बोलून टाकलं, "शेण आहे, आजी. दगड झालेलं शेण."

कोणी ओरडलं नाही. मी एक डोळा उघडला. आजी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"कोनाचं?"

"एक फार मोठं जनावर होतं. हत्तीच्या पाच-सात पट. आता उरलेलं नाही."

"ते नाही इचारून राह्यली. खात काय होतं?"

"काय?"

"खात काय होतं?" आजीचा आवाज चढला. "वाघ बी हागते अन् गाय बी हागते. पन वाघाच्या हागन्याले कोनी शेन म्हनते का? चारा खानाऱ्याचं असन तं शेन. मांस खानाऱ्याचं असन तं घान. तू शेन म्हनून राह्यली, तं सांग, चारा खात होतं का मांस?"

 दाणी सरांनी वीस वर्षं घासलेला, माझ्या अडीचशे पानांच्या प्रबंधाचा प्रश्न चिचघाटच्या ओट्यावरून एका दमात मला विचारला गेला होता.

"पाला खात असावं," मी म्हणाले. "गवतही खात असेल. आम्हाला वाटतं. पण नक्की माहीत नाही, आजी. तेच तर बघायचं आहे."

"कसं पाह्यते?"

"आत बघायचं. मांस खाणारं असेल तर हाडांचे तुकडे दिसतील, पांढुरके, टोकदार. पाला खाणारं असेल तर नुसते काळे बारीक डाग असतात. ते तर इथेही दिसेल, भिंगातून. त्यातलं गवत ओळखायला मात्र नागपूरला मोठं यंत्र लागतं."

"म्हंजे फोडाच लागते."

"हो. पण तुमची इच्छा नसेल तर…"

आजी उठली. आधी तिने जाऊन गाईपुढे कडब्याची पेंढी टाकली. मग हात धुतले, केस बांधले आणि म्हणाली, "काढ त्याले बाहीर."

मी स्वेटर सोडला. गोटोबा ओट्यावर आला.

"आत्याबाई, आजून एक डाव इचार करा," पंचफुला म्हणाली. "देव हाये तो."

"शेन असन तं गोधन हाये," आजी म्हणाली. "आठ रोज नाही झाले पाडव्याले. शेनाचं गोधन केलं, पुजलं, त्याच्यावरून गाई नेल्या. का आख्खं ठेवलं आपन? गाईनं तुडवल्यावर ते शेन घरोघर वाटलं, कपाळाले लावलं. शेन का जपून ठेवासाठी असते? अन् घान असन," ती थांबली, "तं मंग ठेऊन तरी काय करतो? बाई, तुह्यी हातोडी दे."

मी हातोडी दिली, पण माझा जीव अर्धा झाला. असा दगड ठोकून फोडत नसतात. चुरा झाला असता तर सगळंच संपलं. आणि आत एक जरी हाडाचा तुकडा निघाला असता, तर माझा प्रबंध गेला असता ते गेलाच, पण ही बाई जन्मभर गळ्याला हात लावून बसली असती. दोघींचं सगळं त्या एका घावावर आलं होतं. मी नखाने शेंदरात एक रेघ ओढली आणि म्हणाले, "आजी, या रेषेवर मारा. हळू. एकच."

"मले नको शिकवू," आजी म्हणाली. "नारळ फोडत फोडत म्हातारी झाली मी."

तिने गोटोबाला हात जोडले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि हातोडी हाणली. ठक्क असा आवाज झाला. दगड तसाच. पंचफुलाने श्वास सोडला. मग आजीने बोटाने नुसता धक्का दिला, आणि गोटोबाचे दोन भाग अलगद दोन बाजूंना लवंडले. एक थोडा मोठा, एक थोडा लहान.

आत तपकिरी रंग होता, भाजलेल्या मातीसारखा. भेग नाही, मूळ नाही. मी घाईने भिंग उघडलं. आजीने भिंग माझ्या हातातून काढून घेतलं, ओट्याच्या कडेला उन्हात गेली आणि बघू लागली.

फार वेळ बघितलं तिने. एकदा भिंगातून, एकदा नुसत्या डोळ्यांनी. अंगठा फिरवला. नाकाशी नेऊन वासही घेतला, साडेसहा कोटी वर्षांनंतर. मग दुसरा तुकडा घेतला. पंचफुला आणि मी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो, कोणी कोणाचा धरला ते माहीत नाही.

"हाडूक नाही," आजी म्हणाली.

"नक्की?"

"जनम गेला माह्या शेनात. हाडूक मले नाही समजन? काया काया कनी हायेत. चाऱ्याच्या. पाह्य तू बी."

मी बघितलं. काळे बारीक तंतू होते, आडवेतिडवे, विस्कटलेल्या कुटारासारखे, भुशासारखे. हाड कुठेच नव्हतं. मला रडू फुटलं. आजीने माझ्याकडे नवलाने बघितलं.

"तुले काय झालं व? माळ तं माह्यी गेली होती."

मग तिने सुनेला हाक मारली, "पंचफुले, तुळशीवरची माळ आन. अन् भाकरी टाक, भूक लागली मले." माळ गळ्यात घालताना ती मला म्हणाली, "येडे, पयलेच शेन म्हनली असती तं कालची भाकर तरी खाल्ली असती मी. शेनाले लाजते का कोनी? हे घर कायनं सारवलं हाये? तुह्या नागपुरात सारवत नसन."

लहान तुकडा तिने माझ्या स्वेटरमध्ये स्वतःच्या हाताने बांधला. मोठा उचलून ती निंबाकडे निघाली. जाताना म्हणाली, "हा तुह्या हिश्शाचा. चारा कोनता होता ते कळव. अन् त्याले चपला घालून हात नको लावू."

त्या दिवशी मी दोन वेळा जेवले आणि दुपारच्या एसटीने गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते. डायनोसोर गवत खात होते हे आम्ही सिद्ध केलं नाही. ते वीसएक वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी, आमच्याकडे नव्हती तसली यंत्रं वापरून, आपल्याच भागातल्या अशाच शेणातून दाखवलं. त्यांचं जगभर नाव झालं, आणि ते योग्यच झालं. आम्हाला त्या लहान तुकड्याच्या सगळ्या चकत्यांमध्ये मिळून काचेचे दोन कण मिळाले. दोनच. गवताच्या कणांसारखे दिसणारे, पण आजच्या गवतासारखे अगदी हुबेहूब नव्हेत. दाणी सरांनी तीन वेळा चष्मा पुसला आणि चौथ्यांदा चष्मा न लावताच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "आजे-पणजे," एवढंच म्हणाले.

मी चिचघाटला कार्ड टाकलं, की बहुतेक गवत आहे. पंचफुला सातवी शिकली होती, तिचं उलट कार्ड आलं. 'आत्याबाईनं गोटोबाला आता पाडव्याला गोधनात ठेवायचं ठरवलं आहे. मोठ्या गाई त्याच्यावरून नेणार. आमचा बाजेवरचा मधला बरा आहे, अजून माणूस व्हायचा आहे.'

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्कर, शिस्तीचे, प्रबंधाच्या प्रत्येक पानाला चिठ्ठी लावलेली. सर निवृत्त झाले होते, तरी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते. पुढची दिवाळी तोंडावर आली होती.

"दोन कण," परीक्षक म्हणाले. "दोन कणांवर तुम्ही म्हणता, की गवत इतकं जुनं आहे?"

"हो सर."

"समजा मानलं. मग या गवताच्या आधी कोण होतं? तुम्ही एक फट बुजवायला गेलात आणि दोन करून ठेवल्यात."

कोपऱ्यातून दाणी सर म्हणाले, "म्हणजे काम नीट चाललंय." परीक्षकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पान उलटलं.

"हा नमुना क्रमांक चाळीस. तुम्ही लिहिलंय, 'अर्धा'. उरलेला कुठे हरवला?"

"हरवलेला नाही, सर. कुठे आहे ते मला नक्की माहीत आहे. एका शेताच्या धुऱ्यावर, कडुनिंबाखाली."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. चिठ्ठी काढून ते पुढे झुकले. "मग प्रश्नच मिटला! तो मागवून घ्या. तिथेही असे कण मिळाले तर तुमचा दावा पक्का. मी सहा महिने थांबायला तयार आहे. ही मोठी गोष्ट होईल, तुमच्या लक्षात येतंय ना?"

माझ्या लक्षात येत होतं. फार नीट येत होतं. मी दाणी सरांकडे बघितलं. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते सहा महिन्यांवर, वरोऱ्याच्या एका एसटीवर आलं होतं. सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मला ना हो म्हटलं, ना नाही.

"तो आणता येणार नाही, सर," मी म्हणाले.

"का? मालक देत नाहीत?"

"मागितला तर देतील. पण मी मागणार नाही. परवा पाडवा आहे. तो कामावर आहे."

 परीक्षकांनी पेन उघडलं, प्रबंधाच्या शेवटच्या पानावरचं 'सिद्ध होते' खोडलं, त्यावर बारीक अक्षरात 'शक्यता वाटते' असं लिहिलं, आणि खाली सही केली.